आडनावातलं गाव: इस्राएलहून कोकणातल्या मूळ गावी जाताना

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या घरांत आडनाव म्हणजे अर्धा पत्ताच. केहिमकर किहीमचे, झिराडकर झिराडचे, पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, अष्टमकर रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे, चेऊलकर चौलचे. त्यामुळे अश्दोद, लोद, दिमोना किंवा बीरशेबाहून निघणाऱ्या कुटुंबाला वाटतं, फोनवरच्या नकाशात गाव टाकलं की झालं. पण आडनाव सांगतं ते गाव बऱ्याचदा फार जुनं असतं. पुढे एखादी पिढी दुसऱ्या गावी तेलाचा घाणा लावून बसली, तिथून पुढची नोकरीसाठी मुंबईला, ठाण्याला किंवा पुण्याला गेली. म्हणजे शोधायची गावं दोन: आडनावाचं आणि खरोखर राहतं. घर, विहीर, थडगी, शाळा ही सगळी राहत्या गावात सापडतात. ते गाव कोणतं हे निघण्याआधी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडूनच कळतं. तिथे जाऊन कळेल या भरवशावर निघालेले लोक किनाऱ्यावर फोटो काढून परत येतात.

आधी घरात शोधा

सगळ्यात आधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा. एकाच बैठकीत सगळं विचारू नका, तासातासाच्या तीन बैठका ठेवा आणि फोनवर रेकॉर्डिंग करा. "आपलं गाव कोणतं?" याला उत्तर आडनावाचंच मिळेल. त्यापेक्षा विचारा: सुट्टीत कुठे जायचात? आजीचं माहेर कुठलं? शेजारी कोण राहायचं? विहीर घराच्या कुठल्या बाजूला होती? शाळेला चालत जाताना वाटेत काय लागायचं? थडगं कुठे आहे? शेजाऱ्याचं आडनाव फार कामाचं. तुमचं कुटुंब साठ वर्षांपूर्वी गाव सोडून गेलं असेल, पण शेजाऱ्याचं बहुतेक तिथेच असतं.

नावं दोन्ही रूपांत लिहून घ्या. इस्राएलच्या कागदावर येहेझ्केल असलेले आजोबा गावच्या दप्तरात हसाजी असतात. शमुएल म्हणजे सामाजी, यित्झाक म्हणजे इसाजी, अव्राहाम म्हणजे अबाजी, मोशे म्हणजे मुसाजी. मुंबईतलं पहिलं प्रार्थनालय १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर. बायकांची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावं घ्या.

जुन्या पासपोर्टवर "कुलाबा" दिसलं तर तो मुंबईतला कुलाबा समजू नका. आजच्या रायगड जिल्ह्याचं १९८१ पर्यंतचं नाव कुलाबा होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडची माणसं असतील तर कागदावर जंजिरा संस्थान लिहिलेलं असेल. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि त्याचं दप्तर वेगळं होतं.

रोमन स्पेलिंगवर तर अजिबात विसंबू नका. थळकर आणि तळकर इंग्रजी अक्षरांत एकसारखेच दिसतात, पण थळ अलिबागच्या किनाऱ्यावर आहे आणि तळा आत डोंगरात. नवगाव आणि नागावचा घोळ तर रोजचा. नवगाव अलिबागच्या उत्तरेला, थळ आणि किहीमच्या मध्ये. नागाव दक्षिणेला, अक्षी आणि चौलच्या मध्ये. पर्यटक नागावलाच जातात, म्हणून रिक्षावाला "नव" नीट न ऐकता तिकडे गाडी वळवतो. गावाचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा, खाली तालुका लिहा आणि तो कागद दाखवा.

व्हिसा, ओसीआय आणि कराचीचा प्रश्न

एका भेटीसाठी ई-टुरिस्ट व्हिसा पुरतो. इस्राएली पासपोर्टवर तो मिळतो, तीस दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा. पासपोर्ट पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. त्याचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. हुबेहूब तशीच दिसणारी खाजगी पानं दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. नियमाने चार दिवस आधी अर्ज चालतो, पण दोन आठवडे हाताशी ठेवा, कारण फोटो किंवा नावातल्या एका अक्षरासाठी अर्ज परत येतो. शिवाय पोहोचण्याआधीच्या ७२ तासांत परदेशी नागरिकांनी ई-अरायव्हल कार्ड भरायचं असतं. त्याला पैसे लागत नाहीत.

कराचीत बेने इस्राएलांची मोठी वस्ती होती. तुमचे आईवडील किंवा आजीआजोबा तिथले असतील तर अर्जातला पाकिस्तानविषयीचा प्रश्न नीट वाचा आणि खरं तेच लिहा. अशा वेळी ई-व्हिसाच्या वाटेने न जाता दूतावासातून नेहमीचा व्हिसा घ्यावा आणि त्यासाठी काही महिने धरावेत.

वारंवार जायचं असेल तर ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड, काढणं चांगलं. भारतीय नागरिक असलेल्या माणसाच्या पतवंडापर्यंत ते मिळू शकतं. लागते ती अखंड साखळी: पणजोबांचा भारतीय पासपोर्ट, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, मग आजोबांचं त्यांच्याशी नातं दाखवणारा कागद, मग वडिलांचा, मग तुमचा. साखळी तुटते ती नावात. एका कागदावर इझिकेल, दुसऱ्यावर येहेझ्केल आणि आडनाव हिब्रू करून घेतलेलं. नाव बदलल्याचा सरकारी दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का) आधीच करून ठेवा. जे ज्येष्ठ स्वतः भारतीय पासपोर्टवर गेले होते, त्यांना तो परत केल्याचा दाखलाही लागतो. कार्ड हातात पडेपर्यंत तिकीट काढू नका.

मुक्कामाची अडचण बऱ्याच जणांना पोहोचल्यावरच कळते. परदेशी पाहुणा उतरला की यजमानाला चोवीस तासांत त्याची नोंद ऑनलाइन करावी लागते. ही नोंद फॉर्म सी या नावाने ओळखली जाते. हॉटेल असो, घरगुती निवास असो की नातेवाइकाचं घर, नियम तोच. अलिबाग, किहीम, नागावच्या अनेक छोट्या घरगुती निवासांची ही नोंदणीच नसते, मग पासपोर्ट बघून ते रात्री नऊ वाजता "जागा नाही" म्हणतात. आरक्षण करतानाच विचारा: "परदेशी पासपोर्ट चालतो ना? फॉर्म सी भरता ना?"

सामानात ई-सिगारेट नको, भारतात तिच्यावर २०१९ पासून बंदी आहे. सॅटेलाइट फोन आणि ड्रोनही घरीच ठेवा. शेकेल अलिबागला बदलून मिळतील अशी आशा धरू नका. डॉलर किंवा युरो आणा, मुंबईत रुपये करा आणि दहा, वीस, पन्नासच्या नोटा मागून घ्या.

केव्हा जावं, दिवस कसे लावावेत

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जून ते सप्टेंबर पावसाचा, त्यात बराच काळ गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही बंद असतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबलेला असतो, पण कब्रस्तानात कमरेएवढं गवत असतं. थडगी दिसत नाहीत आणि पायाखाली साप असू शकतो. आजोबांचं थडगं बघण्यासाठीच जाणार असाल तर गवत वाळल्यावर किंवा कापल्यावर जा.

आठवड्याचा हिशेब असा बसतो. शुक्रवार-शनिवार मुंबईत किंवा ठाण्यात काढा, कारण तिथे शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाची, प्रार्थना हमखास होते. ठाण्याचं शाआर हशामाईम प्रार्थनालय १८७९ सालचं आणि नांदतं आहे. रविवारी संध्याकाळी अलिबागकडे निघा. शनिवार-रविवार अलिबाग मुंबईकरांनी भरलेलं असतं, खोल्या महाग होतात आणि रस्ते तुंबतात. सरकारी कचेऱ्या सोमवार ते शुक्रवारच उघड्या असतात, तेव्हा गावांसाठी सोमवार ते गुरुवार धरा. दिवसाला एकच गाव नीट, दुसरं वाटेत जमलं तर. पाच गावं एका दिवसात उरकली तर एकाही घरी चहा होत नाही आणि बोलणं चहावरच होतं.

गेटवेहून मांडवा लाँचने साधारण तासाभराचं आहे. पुढे अलिबागपर्यंतची बस बहुधा त्याच तिकिटात असते. ज्येष्ठांना मात्र गेटवेवरून चढवू नका. पायऱ्या निसरड्या असतात आणि गर्दीत एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाऊल टाकून जावं लागतं. त्यांच्यासाठी भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो बोट बरी. गाडीसकट आत जाता येतं. रस्त्याने यायचं तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग.

मांडव्याहून अलिबागला येताना झिराड, किहीम, नवगाव, थळ हे सगळं वाटेवर किंवा जरा आत आहे, तो एक दिवस. नागाव, चौल, रेवदंडा दक्षिणेला एका ओळीत आहेत, तो दुसरा. पेण आणि रोहा-अष्टमीसाठी वेगळे दिवस ठेवा.

प्रार्थनालयं आणि कब्रस्तानं

जुन्या गावकऱ्यांना "सिनेगॉग" विचारलं तर ते गोंधळतात. पूर्वीपासूनचा शब्द मशीद. मुंबईतलं शाआर हराहामीम म्हणजे जुनी मशीद, मशीद बंदर स्टेशनाच्या नावाचा उगम तिच्यातच सांगतात. गावात विचारा, "इस्रायल आळी कुठे?" किंवा "शनिवार तेल्यांची घरं कुठे होती?" तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. हा शब्द ऐकला की सत्तरीतल्या माणसाचा चेहरा उजळतो.

अलिबागचं मागेन आबोथ इस्रायल आळीत आहे. रेवदंडा, पेण, पनवेल इथेही प्रार्थनालयं आहेत, पण रोज उघडी नसतात. किल्ली जवळच्या एखाद्या कुटुंबाकडे असते. दोन-तीन दिवस आधी फोन करा आणि पासपोर्टची प्रत बरोबर ठेवा. मुंबईत २००८ च्या हल्ल्यानंतर दारावर पोलीस असतात. प्रत नसेल तर आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. शब्बाथला कॅमेरा नको. गावात आता मोजकीच घरं उरली आहेत, म्हणून मिन्यानचे, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमतील असं गृहीत धरू नका. कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायची असेल तर तुमच्याच गटात दहा जण आणा, नाहीतर सणाच्या दिवसात जा.

नवगावचं कब्रस्तान हे सगळ्या समाजाचं मूळ मानलं जातं. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या आणि बाकीच्यांचे देह इथे मोठ्या उंचवट्यांखाली पुरले, अशी परंपरा सांगते. तिथे स्मारकही उभं आहे. जमीन खडबडीत आहे, तेव्हा काठी, बंद बूट आणि पाणी बरोबर घ्या.

एलियाहू हनाबीचा (प्रेषित एलियाचा) टापा अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे-सागाव भागात आहे. नकाशात नुसतं "खंडाळा" टाकलंत तर लोणावळ्याजवळच्या घाटात पोहोचाल. कातळावर घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकाची खूण दाखवतात. नवस फेडायला लोक इथे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, किसलेलं ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, सुका मेवा आणि कापलेली फळं. दहा-बारा माणसांना एक किलो पोहे भरपूर होतात. पोहे आणि नारळ अलिबागच्या बाजारात घ्या, खोबरं सकाळी किसा, कारण दमट हवेत ते दुपारपर्यंत आंबतं. किद्दुशचं, म्हणजे आशीर्वाद म्हणून प्यायचं, सरबत काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून, गाळून करतात. ताटं, पातेलं, चटया आणि कचऱ्याची पिशवी बरोबर न्या, कातळावर काहीही मागे ठेवू नका.

थडग्यावरचा मजकूर कसा वाचावा

दगडावर हिब्रू, मराठी, इंग्रजी अशा तीनही भाषा सापडतात. इंग्रजी झिजलेलं असलं तरी हिब्रू कधीकधी शाबूत असतं. हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात, प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि वर्षातले हजार बहुधा गाळलेले असतात. अक्षरांची बेरीज ६६५ आली तर त्यात १२४० मिळवा, १९०५ येतं. महिना वर्षाच्या सुरुवातीचा, तिश्री ते किस्लेव असेल तर एक कमी करा, १९०४. टेवेत महिना डिसेंबर-जानेवारीत पडतो, तिथे तारीख पंचांगावरून ताडून बघा. शक लिहिला असेल तर ७८ मिळवा: शके १८२७ म्हणजे १९०५.

अक्षरं दिसत नसतील तर खडू, पीठ, तारेचा ब्रश, आम्ल यांतलं काहीही लावू नका. जांभा आणि संगमरवर त्याने कायमचे खराब होतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. दुपारी डोक्यावर ऊन असताना कोरीव अक्षर सपाट दिसतं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर उन्हाची तिरीप बाजूने पडते, तेव्हा फोटो काढा. तीही मिळत नसेल तर दगडावर छत्री धरून सावली करा आणि विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूने मारा. एरवी न दिसणारं "हसाजी" डोळ्यांसमोर उभं राहतं. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक अक्षरांचा आणि एक शेजारच्या थडग्यांसह. शेजारी सहसा भाऊ, जाऊ, सासू असतात.

गावात शिरताना

तुम्ही गावात गाडीतून उतरलात की गावाच्या मनात पहिली शंका येते ती जमिनीची. अलिबाग भागात जमिनीला सोन्याचा भाव आहे आणि परदेशातून आलेले जुने मालक म्हटलं की घरमालकाच्या पोटात गोळा येतो. त्यात त्याची चूक नाही. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगून टाका: "आमचे आजोबा हसाजी इथे इस्रायल आळीत राहायचे. आम्ही घर बघायला, नमस्कार करायला आलोय. जमिनीचं काही काम नाही." हे म्हटल्यावर दार उघडतं. आत जाताना चपला बाहेर काढा, वयस्क माणसांना काका, मावशी, आजी म्हणा, आणि फोटो विचारूनच काढा. पहिल्या दिवशी सातबारा मागायला जाऊ नका.

ओळख काढायला गावातले पोलीस पाटील, सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक आणि सर्वांत म्हातारी बाई, हे चार जण गाठा. जुना फोटो मोठा छापून न्या. फोनच्या पडद्यावर म्हाताऱ्या डोळ्यांना चेहरा ओळखू येत नाही.

घर बहुतेक उभं नसेल. तेव्हा जोतं विचारा, विहीर विचारा, घाण्याची जागा विचारा. चिऱ्याचं जोतं घर पडल्यावरही टिकून राहतं. आजीने सांगितलेली विहीर जोत्याच्या त्याच बाजूला निघाली तर जागा पक्की झाली असं समजा. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. साठ वर्षं मनात जपलेल्या घराच्या जागी गवत बघणं जड जातं. त्या वेळी त्यांना घाई करू नका, एक खुर्ची मागून द्या आणि बसू द्या.

कागद हवे असतील तर

सर्वांत सोपा आणि बोलका कागद गावच्या शाळेत असतो. जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं पूर्ण नाव, जात किंवा धर्म, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहिलेलं असतं. मुख्याध्यापकांच्या नावे मराठीत साधा अर्ज द्या, त्यात मुलाचं गावातलं नाव आणि अंदाजे वर्षं लिहा. सुट्टीत शाळा बंद असते, दिवाळी आणि मे महिना टाळा.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात असतात. हे दप्तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मागावं लागतं आणि जुनी पानं मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. पान हातात येऊन वाचता आलं नाही तर नक्कल मागायचीही पंचाईत होते. जुने सातबारा आणि फेरफार अनेक ठिकाणी स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत, ते घरबसल्या बघता येतात, त्यासाठी तलाठ्याच्या दारात उभं राहायची गरज नाही. शेतजमीन परदेशी नागरिकाला किंवा ओसीआय धारकाला विकत घेता येत नाही. गावात कोणी तसा व्यवहार सुचवला तर हात जोडून नाही म्हणा.

प्रार्थनालयाच्या डागडुजीला मोठी रक्कम द्यायची इच्छा बहुतेकांना होते. परदेशी नागरिकाने दिलेला पैसा रुपयांत दिला तरी कायद्याने विदेशी देणगीच ठरतो, आणि ती घ्यायला विश्वस्त संस्थेकडे विदेशी देणगी कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी लागते. आधी विश्वस्तांना विचारा, नसता तुमच्या प्रेमाने तेच अडचणीत येतात.

परत नेताना सांभाळा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि ऐतिहासिक मोल असलेलं पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित भारताबाहेर नेता येत नाही. मग तो आजोबांचा दिवा असो की हाताने लिहिलेली प्रार्थनेची वही. तिचे चांगले फोटो काढा आणि वस्तू तिथल्या समाजाकडे सोपवा. माती आणि रोपं नेण्यावरही निर्बंध असतात.

घरी पोहोचल्यावर पंधरा दिवसांत एक काम करा. ज्या घरांत चहा घेतलात तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो कागदावर छापून पोस्टाने पाठवा, मागे मराठीत नावं आणि तारीख लिहून. पुढच्या वेळी तुमची नातवंडं गेली की गावातला कोणीतरी तो फोटो काढून दाखवेल आणि त्यांना जोतं शोधत फिरावं लागणार नाही.